शेवट न पाहिलेले पिक्चर

आमच्या फिल्म क्लबात पिक्चर थोडे आणि किस्से फार जमले. पिक्चरचं काय, तो संपतो. म्हणजे इतर ठिकाणी संपतो. जळोचीच्या मंगल कार्यालयात तो संपायच्या आधीच काहीतरी होतं, आणि पुढचा महिनाभर लोक चहाच्या टपरीवर तेवढंच सांगत बसतात.

क्लब इनामदार सरांचा. सर भूगोलाचे, आता रिटायर्ड. जन्मभर पोरांना नकाशात देश दाखवले, ते आता हलताना-बोलताना दाखवायचे असं त्यांच्या मनानं घेतलं. प्रत्येक देशाचा एकच पिक्चर, पण मैलाचा दगड! कुणाचा पहिला मूकपट, कुणाचा पहिला रंगीत, कुणाकडं बाईनं काढलेला पहिला. कार्यालय बापूरावांचं, लग्नाची तिथ नसेल त्या शनिवारी संध्याकाळी मिळायचं. प्रोजेक्टर माझ्या दुकानातला, एरवी प्री-वेडिंगचे व्हिडिओ दाखवणारा.

सरांची इच्छा एकच होती. भरल्या हॉलनं एक तरी पिक्चर शेवटपर्यंत बघावा.

*

पहिला खेळ मूकपटाचा. सुरू झाला आणि जरा वेळानं कुजबूज उठली, आवाज गेलाय म्हणून. सर समजावायला उठेपर्यंत बापूरावांनी लग्नातल्या साउंडवाल्याला बोलावलं सुद्धा. कार्यालयाच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यानं सगळ्या वायरी हलवून पाहिल्या, आणि काहीच होईना तेव्हा त्याच्याकडं होतं ते लावलं.

पडद्यावर कुणाची तरी अंत्ययात्रा, आणि हॉलमध्ये सनई.

पहिल्या रांगेत निरवांगीचे आबा होते. ऊसवाले, सरांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "आता जरा बरं वाटतंय."

सनई संपून मंगलाष्टकं लागली तशा मागच्या रांगा सवयीनं उभ्या राहिल्या. कार्यालयात मंगलाष्टकांना उभा राहिलेला माणूस परत खुर्चीवर बसत नाही, तो जेवणाच्या हॉलकडं जातो. तिथं कुलूप बघून सगळे घरी गेले.

*

मग बाईनं काढलेला पिक्चर. बापूराव म्हणाले, प्रमुख पाहुण्याशिवाय कार्यक्रम बरा दिसत नाही. पाहुणे आले, उसाच्या साखर-उताऱ्यावर बोलले, पिक्चरपेक्षा जास्त बोलले. शेवटी शाल-नारळ हातात घेऊन म्हणाले, दिग्दर्शक ताईंना स्टेजवर बोलवा.

सरांनी हळूच सांगितलं, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

पाहुणा मुरलेला. त्यानं लगेच सगळ्यांना उभं केलं आणि दोन मिनिटं श्रद्धांजली वाहिली. आता श्रद्धांजलीनंतर सभा तहकूब होते, हे आमच्याकडं सोसायटीच्या प्रत्येक सभासदाला पाठ आहे. हॉल रिकामा! शाल बापूरावांनी ठेवून घेतली.

*

तिसऱ्या वेळी भाषेचा प्रश्न आला. खालच्या इंग्रजी ओळी वाचणार कोण? सर माईकवर मराठीतून सांगायला लागले. गोष्ट एका बंदरावरच्या नवरा-बायकोची. मध्येच सर माईक ठेवून खिशात रुमाल शोधायला लागले. सर हळवे आहेत, आणि मला ते आवडतं. माईक गप्प झाला तसा बचत गटाच्या शालनकाकूंनी तो उचलला आणि गोष्ट पुढं नेली.

काकूंना इंग्रजी येत नाही. त्यांच्या गोष्टीत नवरा बोटीवर गेला नव्हता, भावकीला कंटाळून गेला होता. चुलत सासऱ्यानं घराची वाट अडवली होती. हॉलमध्ये बायकांचे डोळे पुसणं चाललं. पण बायको नवऱ्याकडं नांदायला गेली तशी काकूंच्या हिशेबानं गोष्ट संपली. त्यांनी माईक ठेवला आणि गटाच्या सगळ्या बायका उठल्या. पडद्यावर पिक्चर अर्धा बाकी होता.

सर मला म्हणाले, "काकूंचा शेवट बरा हाय, पण मूळ शेवट कुणी बघणार हाय का न्हाय?"

*

त्यानंतर बापूरावांनी सरांना बाजूला घेतलं. क्लब म्हणजे हॉलची हेळसांड आहे म्हणाले. आणखी एक खेळ करा. तोही असाच मोडला तर शनिवार दुसऱ्या कुणाला तरी देतो. घरी जाताना सरांनी माझ्या स्कूटरवर मागं बसून एकही देश सांगितला नाही, आणि मला वाईट वाटलं.

शेवटचा खेळ एका वाळवंटी देशाचा, त्यांचा पहिला रंगीत पिक्चर. हॉल भरला होता, पण सर घाबरलेले. कारण त्या आठवड्यात शेतातल्या मोटारीची लाईट संध्याकाळी येत होती. आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल जोडलेला असतो. लाईट आली की मोटार मालकाला फोन करते, आणि मालक असेल तिथून उठून रानात पाण्याची दारं धरायला पळतो. लग्नात नवरदेवाचा बाप उठलेला मी पाहिलाय.

पिक्चरमध्ये एक म्हातारा डोंगरापासून आपल्या रानापर्यंत पाट खणतोय. बोलणं जवळजवळ नाहीच. सरांनी माईक हातात धरला होता, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. शेवटी पाणी सुटलं. म्हातारा पाण्याच्या पुढं पुढं चालायला लागला.

आणि हॉलमध्ये सगळे फोन एकदम वाजले.

खुर्च्या सरकल्या. माणसं उठली, चपला शोधायला लागली. सरांनी माईक खाली ठेवला. त्याच वेळी पडद्यावर पाटाची कड खचली आणि पाणी वाळूत जायला लागलं. म्हातारा गुडघ्यावर बसून हातानं माती ओढत होता.

आबा रांगेच्या तोंडाशी आडवे उभे राहिले. "बसा खाली. त्याचा पाट फुटलाय."

माणसं बसली. फोन वाजत राहिले, कुणी उचलले नाहीत. सर पडद्याकडं पाठ करून आमच्याकडं बघत होते.

म्हाताऱ्यानं कड बुजवली. पाणी रानात शिरलं, आणि पाण्यावरूनच परक्या लिपीतली नावं वर सरकायला लागली. पिक्चर संपला, म्हणून बापूराव लाईट लावायला बटणाकडं गेले.

आबा तिथूनच म्हणाले, "बापूराव, थांबा की जरा. पाणी शेवटच्या वाफ्यात पोचलं न्हाय अजून."