गोटीरामाची भांग

गोजराबाईचं तोंड कधी बंद नसायचं, हे सगळ्या कोपरखैरण्याला ठाऊक होतं. त्या तोंडानं आपल्याच नवऱ्याला व्यसनी करून ठेवलंय, हे मात्र तिला सगळ्यांत शेवटी कळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा गोटीराम खाडीत जाळं टाकायचा, आणि ती मासळीची टोपली घेऊन सेक्टरच्या नाक्यावर बसायची. नव्या इमारतींत घाटावरची माणसं येत होती. त्यांतली राहीबाई साताऱ्याकडची. तिचा नवरा कृष्णात तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. कोलंबी सोलायलासुद्धा तिला गोजरानंच शिकवलेलं.

एकदा टोपलीत मूठभरच म्हावरं होतं.

"काय वो मावशी, एवढंच?"

"भांग हाय ना, बाय. भांगाला आमचे घरानच पडून असतान."

राहीबाईचा हात थांबला. "रोजच?"

"रोज नाय गं. आठमी आली का समजायचं. मंग उधान येतं, तवा बघ त्यांना! घरान ठरत नाय."

राहीबाईनं हे कृष्णातला सांगितलं. कृष्णात भला माणूस. रविवारी तो भजनी मंडळाच्या सीतारामबुवांना घेऊन थेट गोटीरामाच्या ओट्यावर हजर झाला. गोटीराम जाळं शिवत होता. लग्नाकार्यात सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस तो.

"मामा, भांग लई वाईट," कृष्णातनं हळूच विषय काढला.

"वाईटच! पोटावर पाय देतो."

"मग सोडून का देत न्हाई?"

"माज्या हातान काय हाय? वर चांद बसलाय ना, तो करतो सगला."

"चंद्र दिसाय लागलाय यांना," बुवा कुजबुजले. मग मोठ्यानं, "कधीपासून चाललंय?"

"आज्यापासून. आजा पन भांगाला होडी काढत नसं."

"तीन पिढ्या!" बुवांनी खिशातून तुळशीची माळ काढली. "घाला गळ्यात, घ्या शपथ. उधाण यायच्या आत."

"उधान येव नको दे?" गोटीराम उठूनच उभा राहिला. "मंग खाव काय?"

"खायचीच न्हाई मामा! प्यायची बी न्हाई! नशा म्हंजे..."

चहा घेऊन आलेल्या गोजराच्या कानावर एवढंच पडलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कपबशा खाली ठेवून ती पोट धरून हसत सुटली.

"अरे बाबांनो, भांग म्हंजे खाडीचं पानी! आमावस-पुनवेला जोरान चढतं, ते उधान. आठमीला मंद असतं, जाल्यान काय येत नाय, तो भांग!"

कृष्णातचे कान लाल झाले. बुवांनी माळ खिशात सारली. काहीतरी बोलायचं म्हणून कृष्णातनं विचारलं, "पर भांगच का म्हनायचं?"

"पान्याचा जोर भंगतो, म्हनून," गोटीराम म्हणाला.

"काय पन! आठमीचा चांद बघा, मधोमध अर्धा. केसांना भांग पाडल्यावानी. म्हनून!"

"तुजा बा गेलता का कवा खाडीत?"

"माज्या बानंच तुमाला जालं टाकाया शिकवलं!"

"पाणी गुंगीत पडल्यासारखं दिसतं, म्हणून असेल," बुवांनी मध्ये सुचवलं. त्यावर नवरा-बायको दोघंही एकदम त्यांच्यावर तुटून पडले.

बातमी मात्र तोवर सेक्टरभर झाली होती. "मामा कसे हायत आता?" बायका नाक्यावर विचारायच्या. गोजरा आधी चिडायची, मग समजावून सांगायची, शेवटी तिनं नाद सोडला.

"बरे हायत," ती उसासा टाकून म्हणायची. "औषध चालू हाय."

आणि बायका हळहळत, भाव न करता, म्हावरं घेऊन जायच्या.