शेवटच्या डब्याची पाटी

डॅनियलराव गेल्याची बातमी मला गावी, निमोण्याला कळली. फोनवर त्यांच्या पत्नी, रूथवहिनी, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे गेले." देवावरून माझ्याशी मनापासून भांडणारा एकच माणूस होता... आता भांडायचं कोणाशी, हाच विचार आधी आला.

नव्वदच्या दशकात दौंडला आम्ही शेजारी होतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, ते जवळच्याच एका लहान स्टेशनावर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. रविवारी ते चर्चमधून आले की मी चहाला हजर व्हायचो आणि खोडी काढायचो. "पुरावा काय?" हा माझा ठरलेला प्रश्न. ते हसायचे. "पुरावा असता तर तुम्हीबी आला असता सर, मग मला बाकावर जागा कुठली?" एकदा त्यांच्या स्टेशनावर गेलो होतो. मालगाडी धडधडत चालली होती आणि मी बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. शेवटच्या डब्यामागची, गाडी तिथे संपते हे सांगणारी पाटी डोळ्यांनी बघितली, मगच आत जाऊन मागच्या स्टेशनाला गाडी आल्याचं कळवलं. म्हणाले, "एखादा डबा मागं सुटला असला आन् मी न बघता गाडी आली म्हणालो, तर मागची गाडी त्याच्यावर जाईल."

पुढे वहिनींना न्यूमोनिया झाला. दुखणं जिवावर बेतलं होतं. इंजेक्शनं आणि चर्चच्या मंडळीची प्रार्थना, दोन्ही चालू होतं, आणि त्या उठल्या. अशा वेळी त्यांच्याकडे भक्तीत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, उभं राहून साक्ष देतात, देवानं काय केलं ते सगळ्यांपुढे सांगतात. वहिनींनी मलाही हौसेनं बोलावलं. डॅनियलराव उभे राहिले. "आम्ही प्रार्थना केली. डॉक्टरांनी औषध दिलं. रूथ बरी झाली. कशानं, ते मी बघितलं न्हाई. देवाचे आभार." आणि खाली बसले! चर्चचे पाळक गोंधळले, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र खूश. बाहेर पडल्या पडल्या म्हणालो, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच." तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "न्हाई सर. त्यानंच वाचवली असं मी मानतो. पण मानलेलं बघितलं म्हणून कसं सांगू? देवाच्या घरात खोटी साक्ष देऊ व्हय?"

हे कोडं मला आजही पुरतं सुटलेलं नाही. इतकी शंका पोटात ठेवून माणूस दर रविवारी गुडघे कसा टेकतो? वहिनींनी ती साक्ष फार मनाला लावून घेतली होती. "देवानंच वाचवली म्हणायला यांचं काय जात व्हतं?" असं त्या वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या.

परवा दौंडला डॅनियलरावांच्या स्मरणाची प्रार्थना झाली. ते प्रभूजवळ पोचले, असं पाळक म्हणाले. मग वहिनी उठल्या. "यांनी माझा हात धरला व्हता. मग सुटला. तेवढं मी बघितलं. गाडी पोचली का, ते पुढच्या स्टेशनानं कळवायचं असतं... तिथनं अजून काही आलं न्हाई. पण पोचले, असं मी मानते." माझ्यासारख्या नास्तिकाला तिथे रडू आवरेना.

नंतर त्यांच्या ओट्यावर चहा घेत बसलो. डॅनियलरावांची खुर्ची अजून रुळांकडे तोंड करूनच आहे. मी काही विचारणार, तेवढ्यात गाडी आली आणि वहिनींनी हात वर करून मला गप्प केलं. शेवटची पाटी जाईपर्यंत आम्ही दोघंही बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "हं, बोला भाऊ."