पिवळा दिवा विझेपर्यंत

वाळूजच्या कारखान्यात मी पहिल्या पाळीला जाते. आम्हा बायकांना न्यायला एक जुनी डिझेल मिनीबस आहे. तिचे ड्रायव्हर, आमचे चाचा, शहागंजच्या मागं माझ्याच गल्लीत राहतात. त्यामुळं गाडीत सगळ्यात आधी मीच चढते आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसते.

उन्हाळ्यात किल्ली फिरवली की गाडी सुरू. थंडीत मात्र तिचे लई लाड करावे लागतात. चाचा बॉनेटवर जुनी गोधडी टाकून ठेवतात. पहाटे ती काढली की किल्ली अर्धीच फिरवतात. समोर पिवळा दिवा लागतो, म्हणजे इंजिनातला हीटर तापतोय. दिवा विझला की पुन्हा एकदा तसंच, आणि मगच स्टार्टर. गाडी खोकते, पांढरा धूर सोडते आणि सुरू होते. एवढा वेळ धरून मीही डिसेंबरात गजर लवकरचा लावते.

गेल्या हिवाळ्यात चाचांना ताप आला, म्हणून त्यांनी जावयाला पाठवलं. तो पेट्रोलची टॅक्सी चालवणारा. बसल्या बसल्या त्यानं स्टार्टर मारला, दोनदा, चारदा. आवाज बारीक होत गेला. आधी दिवा विझू द्या, असं मी म्हटलं, पण त्यानं मागं न बघता सासऱ्यांना फोन लावला. स्पीकरवर चाचांचा बसलेला आवाज आला, "पीछे बैठी बेटी को पूछो. उसको गाडी मालूम है."

माझे कान गरम झाले. तीन वर्षं मी नुसती बघत बसले होते. ते चाचांच्या ध्यानात असेल, असं वाटलं नव्हतं.

मी हेडलाइट बंद करायला लावले, बॅटरीला जरा दम खाऊ दिला. तोवर घरातून त्याला चहा आणला आणि पुढच्या बायकांना फोनवर उशीर कळवला. मग त्यानं दोनदा दिवा विझेपर्यंत वाट पाहिली. गाडी थरथरली, बंद पडतेय असं वाटलं, आणि सुरू झाली.

"ताई, आता निघू?" त्यानं विचारलं.

"थोडं थांबा. गरम होऊ द्या."

पाळीला थोडा उशीर झाला.

चौथ्या दिवशी चाचा मफलर गुंडाळून आले. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. गाडी न्यूट्रलला आहे ना, एवढं बघून मी ती सुरू केली. तेव्हापासून हिवाळाभर हे काम माझ्याकडंच. चालवायलाही शिकवतो म्हणालेत.