डोहावरचा वाघ

चित्राला बसण्याआधी पेंटरभाऊ ब्रश उलटा धरायचे आणि त्याच्या दांडीने समोरची झाडं मोजायचे. मोठ्याने मोजायचे. मध्येच चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. मी घाई केली की म्हणायचे, "थांबा नं, गुरुजी. जे हाय ते काढाचं, तं किती हाय ते आधी मालूम पायजे नं."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, राइस मिलच्या रांगेला लागून त्यांची पत्र्याची टपरी होती. नंबर प्लेटा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, किराणा दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. उरलेल्या वेळात उरलेला रंग आणि पाट्यांचे उरलेले हार्डबोर्डचे तुकडे सायकलला बांधून ते जंगलात जायचे आणि समोर बसून चित्र काढायचे. फ्लेक्सची मशीन गावात आली तशी पाट्यांची कामं घटली आणि चित्रं वाढली. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. कुरकुर करायला मी आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमची ओळख एका भिंतीवरून झाली. वरून हुकूम आला होता की प्रत्येक शाळेने दर्शनी भिंतीवर झाड काढून त्याखाली 'झाडे लावा' असं लिहावं. मी पेंटरभाऊंना बोलावलं.

"कोनतं झाड काढू?"

"कोणतंही काढा हो."

"कोनतंही म्हंजे कोनतं?" ते खरोखर विचारत होते. "मोह काढू, तेंदू काढू, ऐन काढू? कोनतंही नावाचं झाड मी पाह्यलं नाई."

मी कंटाळून म्हटलं, तुम्हीच ठरवा. दोन दिवसांनी पाहतो तर भिंतीवर आमच्या शाळेचा कडुनिंब. तोच, नव्या खोलीला आड येतो म्हणून मुख्याध्यापकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तोडलेला. वाकडी फांदी, तिला टांगलेली घंटा, बुंध्यावरचा पोरांनी कोरलेला बदाम, सगळं जिथल्या तिथे. पोरं भिंतीपुढे उभी राहून ओरडायला लागली, "आपला लिंब! आपला लिंब!" आणि त्याखाली 'झाडे लावा'. मुख्याध्यापक आठवडाभर त्या भिंतीकडे पाठ करून प्रार्थना घेत होते.

मी त्या दिवसापासून त्यांच्या मागे लागलो. रविवारी माझी मोटारसायकल, मागे ते, त्यांच्या मांडीवर रंगांची पेटी. जायचं ठिकाण ठरलेलं. गडचिरोलीच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की एक नाला आहे. होता. नाल्याला एक डोह होता आणि काठाला सात मोह होते. भर वैशाखात, जेव्हा आमच्या गावचे नळ फुसफुसायचे, तेव्हा त्या डोहात कमरेएवढं पाणी असायचं. मी स्वतः उतरलो आहे, म्हणून सांगतो.

पलीकडे गोंडांचं छोटं गाव. त्या गावात मोहाची झाडं घराघरांना वाटलेली असतात. कुठल्या कागदावर नाही, पण हे झाड या घरचं, ते त्या घरचं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्याच्या मोहाखालचं एक फूल कुणी उचलत नाही. सासूचा मोह सुनेकडे जातो. पेंटरभाऊ चित्र झालं की बोर्डाच्या मागे लिहायचे. दिवस, जागा, पाणी किती, आणि कोणता मोह कोणाचा. गावातली सगळ्यात वयस्क बाई, जिला सगळे बुढीमाय म्हणत, ती काठी टेकत यायची आणि चित्र तपासायची.

"माह्या मोहाची ढोली कुठी हाय?"

"त्या अंगानं हाय, बुढीमाय. इथून दिसत नाई."

"मंग त्या अंगानं बस नं, बाबू."

आणि पेंटरभाऊ खरंच सगळा पसारा उचलून त्या अंगाने जाऊन बसायचे.

आमच्या जिल्ह्यात वाघाचं काय प्रस्थ आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. हॉटेलावर वाघ, बसस्टँडवर वाघ, दातांच्या दवाखान्यावर वाघ. पेंटरभाऊंनी मात्र जंगलाच्या चित्रात कधी वाघ काढला नाही. लोक विचारायचे, जंगलात जाता आणि वाघ काढत नाही?

"दोन खेपा दिसला," ते सांगायचे. "दोन्ही खेपा मी पयालो. पयता पयता काढू काय?"

आता माझ्याबद्दल. मी घर बांधलं. दिवाणखान्यात लावायला पेंटरभाऊंकडे डोहाचं चित्र मागितलं, आणि म्हटलं, त्यात वाघ पाहिजे. नागपूरचे पाहुणे येणार, वाघ नसेल तर हे चंद्रपूरचं जंगल आहे हे त्यांना कसं कळणार? त्यांनी नाही म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी मी रुसलो. पन्नाशीचा शिक्षक, दहा वर्षांची ओळख, आणि वाघासाठी रुसलो! पेंटरभाऊंना माणसाचं रुसणं सहन होत नसे. त्यांनी किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरून पाहून डोहाच्या काठाला एक वाघ बसवला. चित्र हातात घेऊन मी मागे पाहिलं तर बोर्ड कोरा.

"मागे काही लिहिलं नाही?"

"काय लिवू? पाह्यलं नाई, त्याचं काय लिवाचं?"

मी हसलो. त्या हसण्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग खाण येणार असं कळलं. जमीन तीच, डोहासकट. कागद आले, त्यात लिहिलेलं होतं की ही जागा झुडपी जंगल आहे, उल्लेखनीय झाडं नाहीत आणि नाला फक्त पावसाळ्यात वाहतो. हे लिहिणारा माणूस तिथे गेला नव्हता. गेला असता तर सात मोहांपैकी एकाला तरी त्याचं डोकं आपटलं असतं. तालुक्याला जनसुनावणी ठरली. गावाला सातबारा नाही, झाडांचा कागद नाही, डोहाचा तर नाहीच नाही. पण पेंटरभाऊंकडे वीस वर्षांची चित्रं होती, आणि प्रत्येकाच्या मागे दिवस आणि पाणी लिहिलेलं.

"हेच घेऊन जाऊ," ते म्हणाले. त्यांना मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर लोकांनी विचारलं होतं की याचा उपयोग काय. आता उपयोग होता.

आणि मी काय केलं? वैशाखातल्या डोहाचं सगळ्यात स्वच्छ चित्र माझ्याकडे आहे, असं मला वाटलं. मी ते दिवाणखान्यातून उतरवलं आणि सुनावणीच्या मांडवात नेऊन बाकीच्या चित्रांत ठेवलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. रोज बघून बघून माझे डोळे त्या वाघाला इतके सरावले होते, की तो खोटा आहे हेच मी विसरून गेलो होतो.

मांडवात कूलर होते आणि सगळ्या कूलरांची तोंडं व्यासपीठाकडे होती. गाव तापलेल्या पत्र्याखाली. पेंटरभाऊ धुतलेला सदरा घालून एकेक चित्र वर धरत होते, मागचं वाचत होते. "वैशाख. पानी कमरेइतकं." बायका आपापलं झाड ओळखून हात वर करत होत्या. अध्यक्ष साहेबांनी पेन उचललं होतं. मी शपथेवर सांगतो, ते लिहायला लागले होते.

तेवढ्यात कंपनीचा माणूस उठला. गोरा, गोड बोलणारा, तिशीचा. त्याने ढिगातून नेमकं माझं चित्र काढलं.

"काका, फार सुंदर आहे. हा वाघ तुम्ही तिथे पाहिला?"

सगळा मांडव पेंटरभाऊंकडे वळला. एक 'हो' पुरलं असतं. त्या जंगलात वाघ आहेत हे त्या माणसालाही माहीत होतं. मी मनात म्हणत होतो, हो म्हणा, भाऊ, एवढ्या वेळी हो म्हणा.

"नाई," पेंटरभाऊ म्हणाले. "हा खोटा हाय."

"मग खोटं काढता येतं तुम्हाला," तो माणूस हसून म्हणाला. "मोह पण असेच काढले असतील."

व्यासपीठावरचे दोघेतिघे हसले. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की चित्र ही कलाकाराची कल्पना असते, तिची नोंद घेता येत नाही. बुढीमाय उठली. "वाघ खोटा असन. माहा मोह खोटा हाय काय? चाला आत्ता, डोये उघडून पाहा!" जीपने पाऊण तासाचा रस्ता. चार जीपा बाहेर उभ्या होत्या. साहेब म्हणाले, वेळ संपली आहे. मग चहा आला.

मला त्या कंपनीच्या माणसाचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग त्या पेनचा आहे, जे उचललं गेलं आणि खाली ठेवलं गेलं. आणि माझा.

बाहेर मी त्यांचे हात धरले. म्हटलं, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "वाघ मी काढला, गुरुजी. ब्रश माह्या हातात होता." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हिवाळ्यात सातही मोह तोडले गेले. पेंटरभाऊ रोज जाऊन समोर बसले आणि उरलेल्या बुंध्यांची चित्रं काढत राहिले, रखवालदारांनी हाकलेपर्यंत. नंतर खाणीच्या जागेभोवती पत्रे लागले. पत्र्यांच्या जागी पक्की भिंत आली, आणि भिंतीवर एक दिवस चित्र आलं. मी ते रस्त्यावरून पाहिलं आणि गाडी थांबवली. डोह, सात मोह, काठावर वाघ. माझंच चित्र, भिंतभर मोठं केलेलं. त्या माणसाने सुनावणीत मोबाइलवर फोटो काढून घेतला असणार. खाली लिहिलं होतं, 'निसर्ग आमची जबाबदारी'. ज्या चित्राची नोंद घेता येत नव्हती ते आता भिंतीवर होतं, आणि भिंतीमागे खड्डा.

मी पेंटरभाऊंना सांगणार नव्हतो. गावात अशा गोष्टी लपत नाहीत.

आठवड्याने दुपारी मला पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमचा माणूस इथे बसला आहे, तुमचं नाव सांगतो. गेलो तर पेंटरभाऊ बाकावर, हातापायांवर पांढरा रंग. ते ड्रमवर चढून भिंत रंगवताना सापडले होते. मला वाटलं, रागाने सगळं चित्र पुसलं असेल. हवालदार म्हणाला, नाई, गुरुजी, फक्त वाघ पुसला. मोहाच्या एका पानाला धक्का लावला नाई.

ठाणेदार बरा माणूस होता. माफीनामा लिहून द्या आणि जा, म्हणाला. मी पेन काढलं. पेंटरभाऊंनी ते माझ्या हातातून घेतलं. "अक्षर माह्यं चांगलं हाय."

त्यांनी पाटी लिहावी तसं, एकेक अक्षर सुटं आणि ठसठशीत लिहिलं. "लिहून देतो की कंपनीच्या भिंतीवरचा वाघ मी पुसला. तो वाघ तेथे नव्हता. तो मीच पहिल्यांदा खोटा काढला, त्याबद्दल माफी मागतो. डोह होता. वैशाखात कमरेइतके पाणी होते. मोह सात होते. कोणाचे ते खाली लिहिले आहे." आणि खाली सात घरांची नावं. पहिलं बुढीमायचं.

हवालदाराने दोनदा वाचलं. "याच्यात कंपनीची माफी कुठी हाय?"

"वाघाची मागतली नं," पेंटरभाऊ म्हणाले.

जेवणाची वेळ झाली होती. हवालदाराने कागदावर आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि फायलीला लावून टाकला. त्या डोहाची सरकारदरबारी झालेली पहिली नोंद ती. माफीनाम्यात झाली.

पेंटरभाऊ माघात गेले. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेले. टपरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. कंपनीने बाहेरून कोणाला तरी आणून पांढऱ्या डागावर पुन्हा वाघ काढून घेतला, शेजारी एक बछडाही. येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात. तुम्हीही काढला असेल.

पुढच्या महिन्यात खाणीच्या वाढीव जमिनीची सुनावणी आहे. नाल्याच्या वरच्या अंगाची जमीन. अहवाल आला आहे, त्यात लिहिलं आहे की खालच्या बाजूला पूर्वीही पाणी नव्हतं. काल मी ठाण्यात गेलो आणि त्या कागदाची शिक्क्याची नक्कल मिळावी म्हणून अर्ज दिला. हवालदार तोच. अर्ज वाचून म्हणाला, "मानूस तं गेला, गुरुजी. आता माफीनामा कायले पायजे?"

म्हटलं, "साहेबांना वाचून दाखवायचा आहे."