चहात काय टाकलं?

ताप चढला तसा नवरा माझ्याकडे परक्यासारखा पाहू लागला. चहा दिला तर म्हणाला, "काय टाकलं वं याच्यात? कोन होय तू?"

सासूबाईंनी कपाचा वास घेतला आणि चहा मोरीत ओतला. "खरं सांग, काय देल्लं त्याले?" मला रडूच फुटलं.

अकोटहून त्याला अकोल्याला नेलं. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सूज आहे. डेंगू आहेच, शिवाय नागिणीचा विषाणूही मेंदूत शिरलाय."

एकाच वेळी दोन? मला तो रिपोर्टच दुसऱ्या कोणाचा वाटला. पण औषधं लागू पडली आणि हळूहळू तो मला ओळखू लागला.

सासूबाई मात्र अजूनही मी स्वयंपाक करताना ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात.