बेनिताचा बिल्ला

"छातीवर बिल्ला टांगला म्हंजी हात काय चांदीचं झालं व्हय गं?" सातुर्निनानं शेजारच्या गाळ्यातनं टोमणा मारला.

"चांदीचं न्हाईत, पन धुतल्यालं हायती," बेनिता म्हणाली आणि गिऱ्हाइकापुढं आपीचा गिलास ठेवून तिनं पांढरी टोपी सारखी केली.

सातुर्निनाच्या पोटात दुखायला लागलं ते त्या बिल्ल्यापासनं. डोंगरावरच्या ओरुरो शहराच्या बाजारात सव्वीस वर्षं ती आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, उकळून विकत होती. शेजारचा गाळा बेनिताला सात वर्षांमागं मिळाला, तोही हिच्याच शब्दावर. आता अन्न हाताळायचं शिक्षण बेनितानं आधी उरकलं, छातीवर टांगायचं फोटोचं कार्ड मिळवलं, आणि एकोणीस वर्षं सातुर्निनाकडं पिणारा खाणीतला इलारियोन उठून तिच्या बाकावर जाऊन बसला. वर म्हणतो कसा, "कार्ड हाय तिच्याकडं." जसं काय इतकी वर्षं हिनं त्याला विषच पाजलं.

सोमवारपर्यंत कार्ड नसेल तर गाळ्याला कुलूप, असा कागद आला तेव्हा सातुर्निना वर्गाला गेली. शिक्षण पाववाल्यांना एक दिवस, आपीवाल्यांना दोन, मटणवाल्यांना तीन. "मी उकळतं विकते. जंतू काय घोंगडं पांघरून येत्यात माज्याकडं?" अशी कुरकुरली, पण ऐकलं सगळं. पैशाचा हात खाण्याला लावायचा नाही. वेण्या टोपीत कोंबायच्या. एवढ्या उंचावर पाणी उकळतं लवकर पण तापतं कमी, म्हणून जास्त वेळ उकळायचं.

शेवटी तोंडी परीक्षा. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "गिलास कशात धुता?"

दोन बादल्या, एक साबणाची, एक निव्वळ पाण्याची. उत्तर जिभेवर होतं. पण तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढं इलारियोनची पाठ आली, बेनिताच्या बाकावरची.

"माजं ऱ्हाऊ द्या, बाई. ती बेनिता सकाळधरनं येकाच बादलीत बुचकळती. पानी राखंवानी व्हतं तरी बदलत न्हाई."

बाईंनी लिहून घेतलं. "आणि तुमची बादली कुठली?"

"तीच," सातुर्निनाच्या तोंडनं निघून गेलं. नळ बाजाराच्या पार त्या टोकाला. म्हणून दोन गाळ्यांत मिळून बादली एकच, पाणी पाळीपाळीनं बदलायचं, असा सात वर्षांचा रिवाज. आणि त्या दिवशीची पाळी हिची होती. मागं बसलेल्या मटणवाल्या फिदीफिदी हसल्या.

"सोमवारी बघायला येईन," बाई म्हणाल्या. "दोघींच्या दोन-दोन बादल्या दिसल्या तर दोघींना कार्ड. तोवर तिचं काढून घेते."

सातुर्निना बाजारात परतली तेव्हा बेनिताच्या छातीवरनं बिल्ला गेला होता.

"पडला का गारवा काळजाला?"

"न्हाई."

खरंच नव्हता पडला. बिल्ला गेला तरी बेनिताच्या बाकावर मुंगीला जागा नव्हती. आणि कुणी न सांगता इलारियोन तिच्या दोन नव्या बादल्या घेऊन नळाकडं निघाला होता. एकोणीस वर्षांत त्यानं सातुर्निनाच्या हातात रिकामा गिलाससुद्धा कधी दिला नव्हता.

तिनं बघणं सोडलं. जाऊन आपल्या दोन बादल्या भरून आणल्या, शालीची गाठ पाठीमागं सारली, साबण लावून मनगटापर्यंत हात धुतले. चुलीवरची आपी तळाला धरायला लागली होती. तिनं डाव उचलला आणि ढवळायला लागली.