सुधारानीनं न केलेली पीएचडी

हैदराबादेत पीएचडीला जागा मिळाल्याची मेल आली, तेव्हा सुधारानी बीदरच्या कॉलेजात पोरांना टायट्रेशन दाखवत होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती तिथं गेस्ट लेक्चरर म्हणून लागली होती. यंदा पुन्हा घेतील की नाही, या घोरात तिचा दर उन्हाळा जायचा. त्याच आठवड्यात हुमनाबादच्या एका औषध कंपनीनंही तिला लॅबमध्ये नोकरी देऊ केली. उत्तर दोघांनाही लवकर हवं होतं. हैदराबादची मेल वाचून तिला आधी आला तो थकवाच.

ती नागेंद्र सरांकडे गेली. ते तिच्याच विभागातले. पीएचडी झालेले, चाळिशी उलटलेले, आणि तिच्यासारखेच गेस्ट.

"सर, जाऊ का?"

"जा म्हणलं तरी खोटं, जाऊ नको म्हणलं तरी खोटं," पेपर तपासता तपासता ते म्हणाले. "फेलोशिप येती, पण कधी येती ते विचारू नको. बायकोनं शिवणकाम करून घर चालवलं. डिग्री घेतली नि परत याच खुर्चीवर येऊन बसलो."

"मग केलं कामून?"

सरांनी पेन खाली ठेवला. पीएचडीसाठी त्यांनी गावोगावच्या बोअरचं पाणी तपासलं होतं. एका गावात फ्लोराइड एवढं निघालं, की शाळेतल्या पोरांचे दात डागाळले होते. पंचायतीत खेटे घालून घालून त्यांनी ती बोअर बंद करवली.

"आता तिथं टाकीचं पाणी येतंय," ते म्हणाले. "उपयोग झाला म्हणायचा तो एवढाच."

आपल्या गावी, हळ्ळीखेडला, ती उतरली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ अनिलकुमार घरच्या दुकानासमोर खताची पोती उतरवून घेत होता. वडिलांची, अप्पांची, नजर अधू झाली तेव्हा त्यानं डिप्लोमा अर्धवट सोडून दुकान धरलं होतं.

"जा की अक्का," सगळं ऐकून तो म्हणाला. "इथलं मी बघतो. मला तरी शाळा कधी आवडली?"

तो मनापासून बोलत होता. पण पोतं टेकवल्यावर कमरेवर हात ठेवून तो जरा वेळ तसाच वाकून राहिला, आणि ते तिनं पाहिलं.

घरात आई, अक्कम्मा, एवढंच म्हणाली, "आणखी पाच-सहा वर्सं? मी कुठं न्हाई म्हणायले? तूच दमून गेलीस म्हणून म्हणायले."

आईचं ते बोलणं तिला नेमकं लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं हैदराबादला नकार कळवला आणि कंपनीला होकार. मार्गदर्शक होणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, 'वाईट वाटलं, पण समजू शकते.' ते वाचून ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि तोंड धुऊन तासावर गेली.

कंपनीत तीच ती गोळी रोज विरघळवून बघायची, आकडा लिहायचा, सही करायची. डोकं लावायचं काम नव्हतं; पण पगार चुकत नव्हता. दुकानात पोती उचलायला गडी आला, अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी तिला शिफ्ट इनचार्ज केलं.

त्याच वर्षी कॉलेजात बदलीवर कायम प्राध्यापक आले आणि नागेंद्र सरांचे तास गेले. त्यांचा फोन आला. "तुमच्याकडं काही हाय का गं?"

तिनं मॅनेजरकडं शब्द टाकला. "एवढा शिकलेला माणूस इथं टिकत नसतो," तो म्हणाला. तिनं दोनदा-तीनदा गळ घातली, तेव्हा कुठं त्यांना घेतलं, तेही तिच्याच हाताखाली.

पहिल्या दिवशी पांढरा कोट घालून सर तिच्या टेबलासमोर उभे राहिले. "बाई, सही कुठं करायची?"

"सर, तुम्ही मला बाई म्हणायलाव?"

"मग काय म्हणू? इथं तू मोठी हाईस." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, आणि तेच तिला जड गेलं.

आपण घेतलेला निर्णय बरोबर ठरला, असं तिच्या मनात आलं. पण त्याचं समाधान म्हणावं तर काही वाटेना. तिनं रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं आणि कोणत्या रकान्यात सही करायची ते बोटानं दाखवलं.